विमान नागपूरलाच उतरते

कमळाबाईची पोरगी दीड तासावर राहते, हे कोहकाटोल्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं. हातपंपावर, आंगणवाडीच्या पडवीत, धानाच्या बांधीत निंदण चाललं असताना, जिथं चार बाया जमत तिथं कमळाबाई ते सांगितल्याशिवाय राहत नसे.

"गडचिरोलीले जाले साडेचार तास लागते. माही चंचल तं दीड तासावर हाय."

"मंग रोज जेवाले काऊन नाई येत थे?" अन्नपूर्णाबाई भरलेली बादली उचलता उचलता विचारायची, अन् पंपावर हशा पिकायचा.

"कामापुरती येईन नं व. विमान का जेवाले आणतेत का?" कमळाबाई तिला उडवून लावायची. पण दोन पावलं गेल्यावर स्वतःशीच हसायची, पोरीला ताटावर बसवल्यासारखी.

कोहकाटोला म्हणजे एटापल्लीच्याही पुढची, जंगलातली छोटी वस्ती. तिथं कोणी किलोमीटर विचारत नाही. रस्ता कसा आहे, नाल्याला पाणी किती, एसटी येते की नाही, यावर सगळं असतं. म्हणून माणसं "किती टाईम लागते" एवढंच विचारतात. लग्न होऊन चंचल पुण्याला निघाली तेव्हा कमळाबाईनंही तेवढंच विचारलं होतं. जावई रोशन चंद्रपूरकडच्या मूल गावचा, पुण्यात कारखान्यात कामाला. सासूचे डोळे भरलेले पाहून त्यानं मोबाईल काढला अन् दाखवलं. हे पाहा, पुणे ते नागपूर, हवेतून सहाशेच्या वर किलोमीटर, पण विमानाला वेळ किती? दीड तास. झालं, कमळाबाईनं डोळे पुसले. नागपूर अन् टोला यांच्या मधे काय काय आहे ते जावयानं सांगितलं नाही अन् तिनं विचारलं नाही. तिनं नागपूर पाहिलं नव्हतं.

पुढच्या तीन वर्षांत चंचल दोनदा आली, दोन्ही वेळा रेल्वेनं अन् मग एसटीनं, अंग मोडून. कमळाबाईला त्याचं काही वाटलं नाही. निवांत असलं की माणूस रेल्वेनंच येतं. विमान गरजेचं. धान्याची कोठी भरलेली असली की घरात जसा धीर असतो, तसा तिला त्या दीड तासाचा धीर होता.

ऑगस्ट संपत आलेला. पुण्यात अजून उजाडलं नव्हतं अन् चंचल अंथरुणातच पाच महिन्यांच्या चिमीला पाजत होती, तोच भावाचा फोन आला. टोल्यात घरात नेटवर्क नाही. टेकाडावर पाण्याच्या टाकीखाली उभं राहिलं तर दोन काड्या येतात. म्हणजे प्रफुल अंधारात टेकाड चढून आला होता. चंचल लेकरासकट उठून बसली.

"ताई, माय रातभर बसून हाय. आडवी झाली का दम भरते. पाय हे एवढाले सुजले. डॉक्टर येऊन गेला. दिलाचं हाय म्हणे, आजच्या आज गडचिरोलीले न्या."

"मंग ने नं! थांबला काऊन?"

"एकशेआठ बोलावली, येऊन राह्यली गाडी. पण माय म्हणते, चंचलले फोन लाव."

"तिले सांग, मी निघाली. आत्ताच निघाली म्हणून सांग," चंचल म्हणाली. अंगावर गाऊन होता, लेकरू छातीशी होतं, अन् निघाली कुठून असणार? पण मायला जरा बळ येईल, ॲम्ब्युलन्समध्ये चढेल, एवढाच तिचा हिशेब.

रोशन नुकताच रात्रपाळीहून आला होता. त्यानं बूटही न काढता सकाळच्या विमानात तिची जागा केली. स्वतः मागाहून रेल्वेनं येतो म्हणाला. विमानतळाच्या दारात तिच्या खांद्यावरची पिशवी सारखी करत तो पुटपुटला, "भेटतील गं. तू पोहोच फक्त." चंचलनं मान हलवली. विमानात ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती.

विमान धावायला लागलं तशी चिमी किंचाळली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पाजा तिला, कानाला बरं पडतं." चंचलनं पदर ओढून घेतला. लेकरू घुटके घेऊ लागलं, जमीन तिरकी झाली, मग ढग आले अन् सगळं पांढरं होऊन गेलं. त्या पांढऱ्यात तिला मन शांत झाल्यासारखं वाटलं. तिच्या डोळ्यांसमोर माय ॲम्ब्युलन्समध्ये होती, नाकाला नळी, शेजारी प्रफुल. गाडी आलापल्ली ओलांडून गेली असेल. आता आष्टी. आपण गडचिरोलीला पोहोचू तोवर तिला पलंग मिळालेला असेल. चिमी एकदा प्याली, एकदा झोपली, तेवढ्यात ढग फाटले अन् खाली हिरवे-तपकिरी तुकडे दिसले. नागपूर. माय काही खोटं सांगत नव्हती पंपावर, तिला वाटलं. खरंच एवढंसं तर आहे.

फोन चालू केला अन् प्रफुलचे न लागलेले फोन एकामागून एक उमटले. तिनं उलट लावला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला. टाकीखालीच उभा होता.

"ताई, कुठी हायस तू?"

"उतरली नागपूरले. तुम्ही चामोर्शी टाकली का?"



"आम्ही घरीच हाओ," प्रफुल म्हणाला.

"घरी? गाडी नाई आली?"

"गाडी कवाची उभी हाय. माय बसत नाई त्यात. म्हणते, चंचल निघाली, दीड तासात येते. मी गडचिरोलीले गेली तं थे इथी येऊन कोणाले पाहीन? आंगणात खाट टाकाले लावली. तवापासून वर पाहून राह्यली."

"वर?"

"आभाळात. इलेक्शनच्या टायमाले पोलिंगवाले हेलिकाप्टरनं उतरते नं शाळेच्या मैदानात, तसं तुहं विमान उतरन म्हणते. मैदानातली ढोरं हाकलाले लावली तिनं मले."

चंचल मिळेल त्या खुर्चीत बसली. समोरून माणसं चाकांच्या बॅगा ओढत जात होती, कोणी कोणाला फुलांचा गुच्छ देत होतं.

"तू समजावलं नाई तिले?"

"मी समजावलं. दुर्गानं समजावलं, रडली थे मायपुढं. झिंगूनं हात जोडले. सगळ्याइले म्हणते, पोरगी सोता निघाली म्हणाली, तुमचं का ऐकू?"

दुर्गा प्रफुलची बायको. झिंगू म्हणजे ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, शेजारच्या गोंड टोल्यातला. लहानपणी कमळाबाईच्याच आंगणवाडीत जेवलेला. ती मदतनीस होती, अन् त्याला खिचडीची खरवड लागायची, ती कमळाबाई बाजूला काढून ठेवायची. दुसरा कोणी असता तर केव्हाच गाडी घेऊन गेला असता.

"तिले टाकीपाशी आण. मले बोलू दे."

"चढावर कशी आणू तिले?"

"खाटेसकट उचला. चौघं लागा. पण आण तिले, प्रफुल."

चालू फोन टाकीच्या ओट्यावर ठेवून प्रफुल खाली धावला. चंचलला सगळं ऐकू येत होतं, दिसत मात्र काही नव्हतं. कोणाची तरी हाक, "तिकडून धर बे!" चिखलात पाय रुतल्याचे आवाज. अन्नपूर्णाबाईचा आवाज, "हळू, हळू, लेकराइनो, कलली खाट." अन् या सगळ्यामधून जवळ जवळ येत गेलेला एक श्वास, ओल्या लाकडाचा भाता फुंकावा तसा. इकडं चिमी भुकेनं मुठी चोखायला लागली.

"चंचल, उतरली का व?"

"उतरली माय."

"मले आवाज नाई आला."

"नागपूरले उतरली मी."

"बरं. मंग इकडं कधी उडते?"

लवकर, म्हणून सांगता आलं असतं. सकाळी तसंच सांगितलं होतं अन् माय खाटेवरून हलली नव्हती. चंचलनं डोळे मिटले.

"माय, विमान नागपूरलाच उतरते. पुढं नाई येत. पुढं मोटरच हाय. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. तोच रस्ता."

"तोच?"

"तोच."

"खड्ड्याचा?"

"हो माय."



"मंग तुले सांज होईन."

"होईन."

"मले तं वाटलं…" कमळाबाई थांबली. पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं. मग हसल्यासारखं करून, "जावई बी लयच लबाड निंगाला व तुहा."

"माय, तू गाडीत बस. मी इकडून निघते, तुम्ही तिकडून निघा. कुठीबी गेलं तरी आष्टी येतेच. आष्टीत भेटू."

"पोरगी काऊन रडून राह्यली?"

"भुकेली हाय."

"अन् तू मले गोष्टी सांगत बसली? पाज तिले पयले." मग तोंड फिरवून, पण चंचलला स्पष्ट ऐकू येईल असं, "ए झिंगू, धर मले. कधीचा उभा हायस, तुले कामधंदा नाई का? प्रफुल, चप्पल दे माही."

बाहेर भाड्याच्या गाड्यांच्या रांगेत तिला दादाजी भेटले. सिंदेवाहीकडचे, डोईचे सगळे केस पांढरे झालेले. कुठं जायचं विचारल्यावर ती म्हणाली, "आष्टी. तिथून मंग पाहू." दादाजींनी लेकराकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, अन् पुढं काही न विचारता मागचं दार उघडलं.

वरोरा गेलं, भद्रावती गेलं. चंचल फोन मांडीवर घेऊन बसली होती. चंद्रपूरच्या चिमण्या दिसायला लागल्या, कोळशाच्या ट्रकांमागं गाडी रेंगाळली, तेव्हा फोन वाजला.

"ताई, आलापल्ली आली. ऑक्सिजन लावला हाय. माय विचारते, कुठी आली चंचल?"

"चंद्रपूर म्हणून सांग."

"चंद्रपूर म्हणते व माय." मग तिकडं कुजबुज, अन् प्रफुल परत फोनवर. "माय म्हणते, पोरीले झाकून ठेव. कोळशाचा धुरळा नाकात जाते म्हणते."

चंचलनं चिमीच्या तोंडावर पदर ओढला. दादाजींनी मुकाट्यानं काचा वर केल्या.

त्यानंतर फोन आला नाही. गोंडपिपरीपाशी तिनं लावून पाहिला, मग धाबा गावाच्या फाट्यावर, मग दर वळणावर. लागत नव्हता. आलापल्ली ते आष्टी मधे जंगल, तिथं काड्या नसतातच, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी ती लावत राहिली. दादाजी आरशातून बघत होते.

"बाई, थोडं खाऊन घ्या. लेकराच्या दुधाले तरी."

"आष्टीत खाते, दादाजी."

वैनगंगेचा पूल आला. नदी काठोकाठ, मातकट, घाई नसल्यासारखी वाहत होती. पूल ओलांडून गाव लागलं, अन् दवाखान्याच्या फाटकात ती पांढरी गाडी चंचलला लांबूनच दिसली. मागची दारं उघडी. आतलं स्ट्रेचर रिकामं. एक क्षण तिला बरं वाटलं: आत नेलं, म्हणजे इलाज चालू आहे. मग पायरीवर बसलेला प्रफुल दिसला. त्याच्या मांडीवर मायच्या चपला होत्या, दोन्ही तळवे एकमेकांना लावून ठेवलेल्या.

तो उठला नाही. चंचलही खाली उतरल्यावर पुढं गेली नाही.

"ट्रक फसला होता ताई," प्रफुल जमिनीकडे पाहत म्हणाला. "खाणीचा. चिखलात आडवा. मांगंपुढं सगळी लाईन. झिंगू सायरन वाजवून वाजवून थकला, पण रस्ताच नाई तं सायरन का करन? लोकाइनं ढकलून ढकलून जागा केली, तवा निंगालो. तोवर बोलत होती. चिमीचे केस कोणावर गेले म्हणे. मी म्हणलं तुह्यावर, कुरळे. त्यावर काई बोल्ली नाई. मले वाटलं डोळा लागला."

आतल्या खोलीत माय होती. कोणीतरी पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली होती, अन् तोंड उघडं ठेवलं होतं, येणारी पोरगी आहे म्हणून. चंचलनं तिचा हात चादरीखालून बाहेर काढला. बोटं गार होती, पण मुठीच्या आत अजून कोमट होतं. ती तशीच बोट खुपसून उभी राहिली. मायनं चिमीला कधी हातात घेतलं नव्हतं. टाकीखाली उभं राहून, अडकत अडकत येणाऱ्या फोनच्या काचेत एकदा पाहिलं होतं, तेवढंच. चंचलनं लेकरू मायच्या दंडावर आडवं केलं. चिमी अनोळखी माणसाला बघते तशी टक लावून बघत राहिली, मग तिनं मायच्या गळ्यातली मण्यांची माळ मुठीत धरली अन् सोडेना. चंचल तेव्हा रडली.

बाहेर झिंगू तोंड धुऊन उभा होता.

"ताई, मले नेता नाई येत परत," तो म्हणाला. "जितं माणूसच नेता येते या गाडीत. शववाहिका गडचिरोलीहून येईन, पण तिले लय वेळ हाय. मी गाडी सोडून संगं येऊ शकतो, पण गाडी…" त्यानं गाडीच्या उघड्या दारांकडे पाहिलं. "तिनं मले घासभर खाऊ घातलं हो ताई, रोज."

चंचलनं त्याच्या दंडावर हात ठेवला. तेवढ्यात तिला मागं खटका ऐकू आला. दादाजींनी आपल्या गाडीची मधली सीट पाडली होती. डिकीतून घोंगडी काढून ती झटकली अन् नीट, चारी कोपरे ओढून अंथरली.

"दादाजी, तुमची गाडी…" प्रफुल म्हणाला.

"घरी तं नेलीच पाह्यजे नं," दादाजी म्हणाले. "धर तिकडून."

पूल आता मागं राहिला, पुढं टोल्यापर्यंत जंगल होतं. प्रफुल समोर बसला, चिमीला घेऊन. चंचल मागं, मायचं डोकं मांडीवर घेऊन. दादाजी बैलगाडी हाकावी तशी गाडी चालवत होते. खाणीचे ट्रक समोरून येत राहिले, एकामागून एक, अन् फसलेला ट्रक अजून तिथंच होता, बाजूला सरकवलेला. त्याच्या आडोशाला दोन माणसं चूल पेटवून भात शिजवत होती. चंचलनं मायचे केस बोटांनी विंचरले. भांग वाकडा झाला होता, तो सरळ केला. घरी आली की चूल, पाहुणे, शेजारणी, आवराआवर. अशी तासन् तास मायजवळ बसायला तिला कधी फुरसत मिळाली नव्हती. मायलाही नव्हती. आता दोघी बसल्या होत्या, अन् बोलणं एकीकडूनच होतं.

"रस्ता तसाच हाय माय," ती हळूच म्हणाली. "काईच नाई बदललं."



आलापल्लीच्या पुढं दिवस मावळायला आला. सागाच्या पानांवर तांबूस ऊन होतं, तेही निघून गेलं. चिमी रडायला लागली, तसं प्रफुलनं तिला मागं दिलं. चंचलनं एका मांडीवर मायचं डोकं तसंच ठेवून दुसऱ्या कुशीत लेकराला घेतलं. दूध यायला वेळ लागला. मग आलं.

पुढच्या वळणावर पोलिसांचा नाका होता. अडसर आडवा. जवानानं जवळ येऊन काचेवर टकटक केली.

"कुठून कुठी?"

"नागपूरहून," दादाजी म्हणाले. "कोहकाटोल्याले."

"कितीजण हाय?"

दादाजी गडबडले. त्यांनी प्रफुलकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. "आम्ही तीन, एक लेकरू, अन्…"

"पाच," मागून चंचल म्हणाली.

टॉर्चचा उजेड आत फिरला. प्रफुलवर, चंचलवर, पदराआडच्या लेकरावर, अन् मग खाली येऊन थांबला. जवानानं टॉर्च बंद केला.

"माय हाय आमची," प्रफुल म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

अडसर वर गेला. गाडी हलली. चंचलनं चिमीला दुसऱ्या बाजूला घेतलं अन् मोकळा झालेला हात मायच्या डोक्याखाली घातला. पुढं खड्डा होता.